आग्नेयेकडे तोंड करून

सिंहगड कुठल्या दिशेला आहे, हे आम्हा नारायण पेठेतल्या मुलांना शाळेत शिकवावं लागलं नाही. १९७३ साली गडावर दूरदर्शनचं सहक्षेपण केंद्र सुरू झालं, मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं आणि बघता बघता पेठांतल्या कौलांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचं पीक आलं. सगळ्या काड्यांची तोंडं नैऋत्येला. वरून बघितलं की वाटायचं, अख्खं गाव गडाकडे तोंड करून कुणाची तरी वाट बघतंय.

आमच्या वाड्यात कौलांवर चढायचा मान माझा. मी बारा-तेरा वर्षांची, अंगाने काडी. दादा चढला तर कौलं फुटायची. अण्णा अंगणात, दादा जिन्यात, आई आत टीव्हीसमोर. मी पाइप जरासा फिरवायची आणि ओरडायची, “आलं का?” प्रश्न जिन्यातून आत जायचा, उत्तर जिन्यातून बाहेर यायचं. “आलं... आलं... गेलं! अगं, मागे घे, मागे!” उत्तर पोचेपर्यंत माझा हात पुढे सरकलेला असे. आईला दिसलेलं चित्र आणि माझ्या हातातला पाइप ह्यांची गाठ पडेस्तोवर दुपार कलायची. मग ‘छायागीत’ लागायचं, आणि नेमक्या आवडत्या गाण्याला अँटेनावर कावळा येऊन बसायचा. संक्रांतीच्या दिवसांत कावळ्याच्या जोडीला मांजा.

तरी त्या चित्रात एक माणुसकी होती. ते एकदम जात नसे. आधी मुंग्या यायच्या, मग निवेदिकेच्या मागे तिची सावली उमटायची, मग आडव्या पट्ट्या. मुंग्या कमी झाल्या की समजायचं, बरोबर चाललंय. अर्धी मुंगीसुद्धा काहीतरी सांगायची.

लग्न होऊन मी १९८७ साली लेस्टरला आले. कौलं सुटली. कौलांवरचं काम मात्र सुटलं नाही, ते असं.

इथल्या माणसाला घर पाठीशी बांधून हिंडायची हौस फार जुनी. तंबूवाल्यांचा क्लब १९०१ चा, कॅरॅव्हॅनवाल्यांचा १९०७ चा. तेव्हा कॅरॅव्हॅनला घोडे जुंपत. आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहत. ते दर इस्टरला आपलं पांढरं डबडं गाडीला जोडून नाहीसे होत आणि तांबूस होऊन परत येत. १९९६ साली त्यांच्याच ओळखीतून आम्हीही एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली. चार माणसं झोपतील एवढी, दोन शेगड्यांची. पहिल्याच फेरीला मी प्रेशर कुकर नेला. शिट्टी झाली तेव्हा पलीकडच्या तंबूतला माणूस विझवायला पाण्याची बादली घेऊन आला.

त्या कॅरॅव्हॅनमध्ये टीव्ही म्हणजे चौदा इंची ठोकळा आणि एका खांबावर तीच ओळखीची काड्यांची अँटेना. खांब फिरवायचा, आत विचारायचं. फरक एवढाच की इथे अँटेना कधी आडवी धरायची, कधी उभी. मोठ्या मनोऱ्याचा सिग्नल बहुतेक ठिकाणी आडवा. वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांत जे छोटे सहक्षेपक बसवलेत त्यांचा बहुधा उभा. ते कळायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. तोवर आम्ही वेल्सला नावं ठेवत होतो.

मग डिश आली. १९९८ च्या ऑक्टोबरात स्कायने डिजिटल सेवा सुरू केली आणि पाठोपाठ कॅरॅव्हॅनच्या तळांवर तिपाया दिसू लागल्या. कॅमेऱ्याची असते तशी तीन पायांची घोडी, वर साठ सेंटिमीटरची डिश. घरचा सेट टॉप बॉक्स उचलायचा, कार्डासकट गाडीत टाकायचा, आणि जिथे मुक्काम तिथे आभाळातून चित्र उतरवायचं. मनोरा जवळ असो, नसो.

त्या वेळी निवड अशी काही नव्हतीच. तिपाई, नाहीतर कॅरॅव्हॅनला चिकटवायचा दांडा. खिडकीच्या काचेला रबरी चोषकाने डिश लावायचाही एक प्रकार होता. तो आम्ही एकदाच केला. रात्री दोनला धाडकन आवाज झाला आणि मुलांनी भूत भूत म्हणून तळ जागवला. तिपाई वाऱ्याने पडते, पण तिला वजन टांगता येतं. आम्ही पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगायचो. पुढे स्कॉटलंडमध्ये दोन कॅन लागले.

ब्रिटनचे उपग्रह २८.२ अंश पूर्वेला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ते पृथ्वीच्या वेगाने फिरतात, म्हणून खालून एका जागी टांगल्यासारखे वाटतात. तीन उपग्रह अशा उंचीवर ठेवले तर सगळ्या जगाला संदेश पोचतील, हे आर्थर क्लार्कने १९४५ साली लिहून ठेवलं होतं. हा क्लार्क जन्माने सॉमरसेटमधल्या माइनहेडचा. आम्ही माइनहेडला मुक्काम केला तेव्हा नेमकी डिश जमत नव्हती. हे म्हणाले, त्यांनी लेख लिहिला, लावून द्यायला येणार नाहीत.

तर २८.२ अंश पूर्व म्हणजे इंग्लंडमधून बघितलं तर आग्नेय, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. होकायंत्रावर साधारण १४५ अंश. हे कळलं तेव्हा मला हसू आलं. आग्नेय ही आपल्याकडे चुलीची दिशा. इथे देशभरच्या डिशा चुलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसल्यात, आणि कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून होकायंत्र विसरलं तरी माझं अडत नाही. कुठल्याही गावात शिरलं की घरांच्या भिंतींवरच्या डिशा बघायच्या, आग्नेय सापडते. तिथून बाकीच्या सात दिशा.

दिशा ही सोपी गोष्ट. उंची अवघड. लंडनच्या पट्ट्यात उपग्रह क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर, इन्व्हरनेसला एकोणीसच्या आसपास. आभाळात नाहीच तो, झाडाच्या शेंड्यात आहे. त्यात डिशची एक फसवणूक आहे. तिचा आकार असा असतो की ती जवळजवळ सरळ उभी दिसते, पण बघते वर. नवखा माणूस उपग्रह वर आहे म्हणून डिश आभाळाकडे करतो आणि तासभर ढगांचा सिग्नल शोधतो. आम्हीही शोधला. ह्यांच्याकडे एक सिग्नल दाखवणारं यंत्र होतं, सापडलं की किंचाळायचं. पण ते कुठल्याही उपग्रहाला किंचाळायचं, आपल्याच नव्हे. शेजारी १९.२ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, जर्मन वाहिन्यांचे.

२००३ च्या उन्हाळ्यात बीबीसीने आपल्या वाहिन्या उपग्रहावर विनाकार्ड खुल्या केल्या. आम्ही बारा व्होल्टवर चालणारा स्वस्तातला एक बॉक्स घेतला आणि डर्बीशरच्या डोंगरात जाऊन मोठ्या ऐटीने लावला. यंत्र किंचाळलं, पट्टी हिरवी झाली. पडद्यावर एक गृहस्थ भाजी चिरायचं यंत्र विकत होते, जर्मनमध्ये. भाजी छान चिरत होती. आम्ही ते अर्धा तास बघितलं आणि मग डिश डावीकडे बोटभर सरकवली.

बोटभर म्हणजे खरंच बोटभर. आणि इथे मला कौलांवरच्या मुंग्यांची फार आठवण यायची. डिजिटल चित्राला मुंग्या नसतात. ते असतं किंवा नसतं. मध्ये फार तर चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, आवाज उचक्या देतो आणि मग काळंभोर. “जरा बरं झालं” असं कधी कुणी म्हणतच नाही. बॉक्सलाही चित्र पकडायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे जिन्यातल्या दादाएवढाच उशीर. त्यामुळे युक्ती अशी की डिश हलवायची ती कणाकणाने, आणि प्रत्येक कणानंतर हात काढून पाच अंक मोजायचे. मी रामरक्षेची एक ओळ म्हणायचे. वेळ अगदी बरोबर भरतो.

बाहेर मी, आत हे. अदलाबदल करून बघितली, जमली नाही. हे बाहेर गेले की डिशशी वाद घालत बसत. मग मीच रेनकोट घालून, कॅरॅव्हॅनच्या खिडकीकडे पाठ करून. “अहो, आलं का?” “आलं! गेलं! आलं!” आजूबाजूच्या सगळ्या तळाला हे पाठ झालं. यॉर्कशरचे एक गृहस्थ दोन-तीन वर्षं नेमाने आमच्या शेजारी असत. त्यांनी ह्यांना विचारलं, हे ‘आलं’ म्हणजे काय? हे म्हणाले, चित्र आलं. आणि चहात घालतात तेही. त्यानंतर ते स्वतःची डिश लावतानाही बायकोला “आलं?” असंच विचारत, आणि ती बाई आतून “गेलं!” म्हणे. तिचा ळ चांगला नव्हता, पण ह्या दोन शब्दांत ळ नाहीच.

दोन एप्रिल २०११ हा दिवस मी विसरणार नाही. शनिवार, वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. मुलांच्या सुट्टीची नोंदणी आधीच झालेली, लेक डिस्ट्रिक्टला, केझिकजवळ. सामना इथल्या सकाळी दहाला सुरू होणार आणि तळावर प्रवेश दुपारी. श्रीलंकेची फलंदाजी मोटरवेवर, बीबीसीच्या रेडिओवर ऐकली. जयवर्धनेचं शतक, २७४. पोचलो आणि बघतो तर आमच्या वाट्याला आलेल्या जागेच्या आग्नेयेला सूचिपर्णी झाडांची भिंत. ओकसारखी पानगळीची झाडं असती तर एप्रिलच्या सुरुवातीला काटक्यांतून सिग्नल कदाचित निभावला असता. सूचिपर्णी बारा महिने हिरवीगार. इथे जरा हिशेब सांगते, कारण तो पुढे कुणाला उपयोगी पडेल. पंचवीस अंशांच्या उंचीला दहा मीटर उंच झाडापासून एकवीस-बावीस मीटर मागे सरकलं तरच डिशला त्याच्या डोक्यावरून दिसतं. उत्तरेकडे आणखी जास्त, आणि ती झाडं दहा मीटरची नव्हती.

सरकायला मोकळी जागा होती, पार रस्त्याच्या कडेला. आमची केबल दहा मीटरची. डिश एका टोकाला, कॅरॅव्हॅन दुसऱ्या टोकाला आणि मध्ये पंधरा मीटर गवत. तेवढ्यात सेहवाग गेल्याचं रेडिओने सांगितलं. शून्यावर. ह्यांचं तोंड बघवेना. शेवटी यॉर्कशरच्या गृहस्थांनी आपली डिश उतरवून केबल दिली, एक जोडणी दिली आणि मदतीला मध्यावर येऊन उभे राहिले. मी रस्त्याच्या कडेला, ते गवतात, हे आत. खिडकीतून निघालेलं “आलं” गवतातल्या इंग्रज जिन्यावरून माझ्यापर्यंत पोचलं. मी धावत आत गेले, आणि पडद्यावर सचिन बाद होऊन परत चालला होता. अठरा धावा.

“हे दाखवायला आणलंस होय चित्र?” हे म्हणाले.

मग गंभीर ९७, धोनी नाबाद ९१, आणि संध्याकाळी तो षटकार. यॉर्कशरचे गृहस्थ स्वतःचा टीव्ही बंद ठेवून आमच्या दारात खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले. साजूक तुपातला शिरा खाल्ला. केबल दुसऱ्या दिवशी परत केली.

मुलं मोठी झाली, कॅरॅव्हॅन गेली, मोटरहोम आलं. मधल्या काळात छतावर हाताने वर करायची डिश होती. आतून दांडा फिरवायचा, छतावर डिश उभी राहते, फिरते. पाऊस लागत नाही, हा तिचा मोठा गुण. निघताना खाली करायला विसरतो, हा माणसाचा मोठा दुर्गुण. आम्ही विसरलो. तळाच्या फाटकाजवळ एक आडवी फांदी होती. आवाज आला तेव्हा हे म्हणाले, “गेलं!” मी म्हटलं, “आता विचारायलाच नको.”

पुढची स्वयंचलित. हजार पौंडांच्या पुढे किंमत, छतावर दहा-पंधरा किलो वजन, आणि ह्या गाड्यांत किती ओझं भरायचं ह्याला कायद्याची मर्यादा असल्यामुळे तेवढे तांदूळ कमी. बटण दाबलं की वर घरघर होते, ती आपली आपण फिरते, उपग्रह ओळखते, थांबते. जर्मन भाजीवाला मध्ये भेटत नाही. घुमटाच्या आत लपवलेलीही मिळते, पण घुमटात डिश लहान मावते, आणि लहान डिश स्कॉटलंडच्या टोकाला किंवा फ्रान्सच्या दक्षिणेला कमी पडते. म्हणून आम्ही उघडी घेतली. तेव्हा माझे गुडघे नुकतेच कुरकुरायला लागले होते. नाहीतर मी एवढे पैसे घालू दिले नसते. त्या डिशला झाडाशी मात्र काही करता येत नाही. डिश छताला, छत गाडीला, गाडी नेमून दिलेल्या जागेत. झाड पुढे आलं की तुमचे हजार पौंड झाडाकडे बघत बसतात. तिपाई उचलून दहा पावलं चालते.

स्पेनमधल्या लोकांचं तर झाडाविनाच गेलं. आमच्यासारखे बरेच जण हिवाळा काढायला दक्षिण स्पेनला जात. तिथे मोठ्या डिशा लावून ब्रिटिश वाहिन्या बघत. २०१४ च्या सुरुवातीला बीबीसी आणि इतरांनी आपल्या वाहिन्या नव्या उपग्रहावर हलवल्या. त्याचा झोत ब्रिटनपुरता आवळलेला. किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या डिशा एका रात्रीत भांडी झाल्या. त्या वर्षी तिथे एकाने डिशमध्ये पाणी भरून पक्ष्यांसाठी ठेवलेलं मी पाहिलं.

पुण्याला गेले की धाकट्या बहिणीच्या शेतावरच्या घरी राहते. तिच्याकडे डीडी फ्री डिश आहे, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहावरची. पहिल्यांदा गच्चीवर गेले तेव्हा सवयीने दिशा बघितली, तर आग्नेय! पण नजर किती वर! पुण्यातून तो उपग्रह जवळजवळ साठ अंशांवर. आंब्याचं झाड शेजारी असूनही तिला अडचण नाही. अडचण आषाढात, सरीमागून सर आली की. मग बहीण म्हणते, “गेलं.” महाराष्ट्रातही आता कॅरॅव्हॅन पर्यटनाची भाषा सुरू झाली आहे. तिथे कुणी डिश लावणार असेल तर झाडांची भीती बाळगू नका, पावसाची बाळगा.

आणि आता इथे डिशचीही गरज उरली नाही म्हणतात. गेल्या तीन-चार वर्षांत तळावरच्या डिशा भराभर कमी झाल्या. मोबाइलच्या सिमवर इंटरनेट, इंटरनेटवर सगळं. जिथे मोबाइल पोचत नाही तिथे स्टारलिंकची चपटी पाटी. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर, हजारोंनी, सतत पळणारे. आमच्या मुलाने गेल्या वर्षी ती आणली, गवतावर ठेवली आणि फोन बघून सरकवली. मी बघितलं, पाटीचं तोंड उत्तरेला. पंचवीसेक वर्षं आग्नेय, त्याआधी नैऋत्य आणि आता एकदम उत्तर! मला क्षणभर गाडी उलटी लावल्यासारखं वाटलं. नातू तिच्यावर मराठी मालिका लावून देतो, पुण्यात काल रात्री दाखवलेली. चित्र स्वच्छ. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. मध्येच एक गोल फिरत राहतं, तेव्हा सगळे गप्प बसतात. गोल फिरतंय, ह्यात ओरडण्यासारखं काही नसतं. ओरडून सांगायचं कुणाला?

मला कुणी विचारलं, आम्ही नवी गाडी घेतोय, काय लावू, तर मी सरळ सांगते. वर्षाचे सहा महिने हिंडणार असाल आणि गुडघे गेले असतील तर छतावरची स्वयंचलित. ब्रिटनबाहेर जाणार असाल तर इंटरनेट, डिशचा नाद सोडा. वर्षातून चार फेऱ्या असतील, दोघं असाल आणि एकमेकांवर ओरडायची सवय असेल, तर तिपाई. साठ सेंटिमीटरची डिश घ्या, लहान घेऊ नका. होकायंत्र घ्या. जून-जुलैत पावणेबाराच्या सुमारास सूर्य साधारण उपग्रहाच्याच दिशेला येतो, त्या वेळी लावायला घेतलीत तर होकायंत्रही नको. टीव्हीच्या परवान्याची काळजी करू नका, फिरत्या कॅरॅव्हॅनला घरचाच चालतो. आपल्याकडे टीव्हीचे परवाने ऐंशीच्या दशकातच गेले, इथे अजून आहेत.

आमची तिपाई पलंगाखालच्या कप्प्यात आहे. यंदाच्या इस्टरला वेल्समध्ये दोन दिवस इंटरनेट नव्हतं, तेव्हा काढली. नातू बाहेर, मी आत. त्याला आठ मिनिटं लागली.

केबल मात्र पंचवीस मीटरची घ्या. दहाची कधीच पुरत नाही.